नासिक्य ते नाशिक : एका नगरनामाचे व्याकरण

गोदाकाठच्या या नगराच्या नावाबद्दल दोन वाद जुने आहेत आणि ते बहुधा एकमेकांत मिसळूनच घातले जातात. पहिला वाद लेखनाचा : ‘नासिक’ शुद्ध की ‘नाशिक’? दुसरा अर्थाचा : लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले म्हणून हे नाव पडले, की नऊ टेकड्यांवर वसलेले म्हणून ‘नवशिख’ आणि त्यावरून नाशिक? यांपैकी एका वादाचे उत्तर भाषेच्या नियमांतून जवळजवळ निर्विवादपणे मिळते. दुसऱ्याचे उत्तर तितके पक्के मिळत नाही. मात्र कोणते उत्तर चालणार नाही, हे नक्की सांगता येते. दोन्हींची तपासणी एकाच ठिकाणी करता यावी इतकी साक्ष या नावाच्या वाट्याला आली आहे, आणि महाराष्ट्रातील फारच थोड्या गावांच्या बाबतीत असे घडले आहे. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडण्याजोगे वाटते.

महाभाष्यातील साक्ष

इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात पतंजलीने पाणिनीच्या व्याकरणावर महाभाष्य हा टीकाग्रंथ रचला. त्याच्या काळाविषयी विद्वानांचे बव्हंशी एकमत आहे, कारण यवनाने साकेताला वेढा घातल्याचे आणि पुष्यमित्राच्या यज्ञाचे उल्लेख त्याच्या उदाहरणांत येतात. या ग्रंथात पाणिनीच्या सहाव्या अध्यायातील ‘पद्दन्नोमास्…’ या सूत्रावर (६.१.६३) जी चर्चा आहे, तीत आपले नगर अचानक समोर येते. हे सूत्र काही शब्दांना विशिष्ट प्रत्ययांपूर्वी आखूड रूप देते : पाद याचे पद्, दन्त याचे दत्, आणि नासिका याचे नस्. त्यावरील वार्त्तिक, म्हणजे सूत्राला जोडलेले पूरक विधान, सांगते की यत् आणि तस् हे प्रत्यय किंवा क्षुद्र हा शब्द पुढे असतानाही नासिकेच्या जागी नस् यावे. यत् प्रत्यय लागून ‘नस्य’ हा शब्द होतो. आयुर्वेदात नाकात घालावयाच्या औषधाला आजही आपण नस्य म्हणतो, ते याच नियमाने सिद्ध झालेले रूप आहे.

येथे अडचण उभी राहते. नाकाशी संबंध दाखवणारा य लावला की ‘नस्य’ होणार असेल, तर ‘नासिक्य’ असे पूर्ण रूप कोठेच दिसू नये. प्रत्यक्षात ते दोन ठिकाणी दिसते. म्हणून भाष्यात म्हटले आहे की वर्ण आणि नगर यांच्या बाबतीत हा आदेश, म्हणजे नस् येणे, होत नाही, असे सांगावयास हवे; ‘नासिक्यो वर्णः’ आणि ‘नासिक्यं नगरम्’ ही दोन रूपे नस् न होता तशीच राहिली पाहिजेत. नाकातून उच्चारला जाणारा वर्ण आणि एक नगर, एवढे दोनच अपवाद.

पुढे पतंजली आपल्या नेहमीच्या रीतीने विचारतो की मग हा अपवाद वेगळा सांगायचा का, आणि उत्तर देतो की सांगायची गरज नाही. वर्णवाचक शब्द परिमुखादि गणात, म्हणजे परिमुख शब्दाने सुरू होणाऱ्या शब्दांच्या यादीत, घालता येईल आणि नगरवाचक शब्द संकाशादि गणात. त्या त्या गणामुळे प्रत्यय यत् राहत नाही, वेगळा होतो. आणि प्रत्यय यत् नसल्यामुळे नस् होण्याचा प्रश्नच उरत नाही. वरवर पाहता ही व्याकरणकारांची काटकसर आहे. नावाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र ही सोन्यासारखी माहिती आहे, कारण हे नाव कोणत्या प्रकारच्या नावांच्या पंगतीत बसते, ते तीतून कळते.

संकाशादि गण पाणिनीच्या ४.२.८० या लांबलचक सूत्रात येतो आणि त्यातील शब्दांना ण्य हा प्रत्यय लागतो. या प्रत्ययातील ण् गळतो, य उरतो आणि पहिल्या स्वराची वृद्धी होते, म्हणजे अ याचा आ होतो. संकाश शब्दापासून सांकाश्य आणि कम्पिल शब्दापासून काम्पिल्य होते. ही दोन्ही उत्तर भारतातील प्रसिद्ध प्राचीन नगरे; आजची संकिसा आणि कंपिल, दोन्ही फर्रुखाबाद जिल्ह्यात. नासिका या शब्दातील पहिला स्वर मुळातच दीर्घ आ असल्यामुळे वृद्धी डोळ्यांना दिसत नाही. शेवटचा आ लोप पावतो आणि य जोडला जाऊन नासिक्य हे नपुंसकलिंगी नगरनाम तयार होते. म्हणजे व्याकरणाच्या दृष्टीने नासिक्य हे सांकाश्य आणि काम्पिल्य यांचे सख्खे भावंड आहे.

आणखी एक गोष्ट येथे लक्षात घ्यावीशी वाटते. व्याकरणकार उदाहरण म्हणून जो शब्द घेतो, तो शिष्यांच्या परिचयाचा असावा लागतो. ज्या नावासाठी नियमाला अपवाद करावा लागतो, ते नाव लोकांच्या तोंडी इतके रुळलेले असते की नियम त्याला वाकवू शकत नाही. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात नासिक्य हे नाव संस्कृत पंडितांच्या वर्तुळात अशा स्थितीला पोहोचले होते, यावरून नगराचे त्या काळचे महत्त्व ओळखता येते. जुन्या गढीवर ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचे थर मिळाले, म्हणजे हे गाव पतंजलीच्या काळीही नवे नव्हते.

लेण्यांतील साक्ष

शहरापासून सुमारे ८ किलोमीटरवर असलेल्या पांडवलेण्यांत हेच नाव दगडावर कोरलेले आहे, आणि तेही जवळपास त्याच युगातले. एकोणिसाव्या क्रमांकाच्या लहानशा विहारात खिडकीच्या वरच्या बाजूस असलेला लेख असा वाचला गेला आहे : ‘सादवाहनकुले कन्हे राजिनि नासिककेन समणेन महामातेण लेण कारित’. सातवाहन कुळातील कण्ह राजा असताना नासिकच्या श्रमण-महामात्राने, म्हणजे भिक्षूंची व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्याने, हे लेणे करविले, असा त्याचा अर्थ. शेजारच्या अठराव्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावरही ‘नासिककनं धंभिकगामस दानं’ असा छोटा लेख आहे. दोन्ही ठिकाणी ‘नासिकक’ हा शब्द ‘नासिकचा रहिवासी’ या अर्थी आला आहे. आज आपण नाशिककर म्हणतो, तेव्हाचे लोक नासिकक म्हणत.

याच लेण्यांतील राजकीय लेखांत मात्र नगराऐवजी ‘गोवधन’ हे नाव वारंवार येते. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात गोवर्धनातील त्रिरश्मी पर्वतावर लेणे कोरल्याचे म्हटले आहे आणि गौतमीपुत्र सातकर्णीची आज्ञाही गोवर्धनच्या अमात्याला उद्देशून आहे. यावरून नासिक हे नाव त्या काळी मागे पडले होते, असा निष्कर्ष कोणी काढू नये. गोवर्धन हे आहाराचे, म्हणजे प्रशासकीय विभागाचे नाव होते. नाशिकच्या पश्चिमेस त्या नावाचे गाव आजही आहे. राजाज्ञेत विभागाचे नाव येणार आणि दात्याच्या ओळखीत त्याच्या गावाचे, हे स्वाभाविकच आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ग्रीक भूगोलकार टॉलेमी या नगराची नोंद ‘नासिका’ अशी करतो, तर पुढे वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ‘नासिक्य’ आणि ‘भोगवर्धन’, म्हणजे आजचे भोकरदन, ही नावे शेजारी शेजारी येतात. संस्कृत लिहिणारा नासिक्य लिहीत होता आणि लोक नासिक म्हणत होते, असे हे चित्र आहे.

शेवटचा ‘क’ कसा टिकला

आता या प्रकरणातील माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. नगराचे मूळ नाव नुसते ‘नासिका’ असते, तर आज आपण त्याला नाशिक म्हटलेच नसते.

प्राकृतात दोन स्वरांच्या मध्ये एकटा आलेला क साधारणतः नाहीसा होतो. मक्षिका या शब्दाचे मच्छिआ झाले आणि मराठीत माशी आली. मृत्तिका या शब्दाचे मत्तिआ होऊन माती आली. यूका या शब्दापासून ऊ आली. संस्कृत शब्दाच्या शेवटी ‘-इका’ असले की मराठीत बहुधा ‘-ई’ उरते. या वाटेने नासिका या शब्दाचे ‘नाशी’ झाले असते. तसे झाले नाही, क ठामपणे उभा राहिला. याचे कारण तो एकटा नव्हता. त्याच्या मागे य होता. क्य या जोडाक्षराचे प्राकृतात क्क होते, आणि असे दुहेरी व्यंजन मराठीत येताना एकेरी होत असले तरी नष्ट होत नाही. चक्र या शब्दाचे चक्क आणि मग चाक झाले, तसेच माणिक्य याचे माणिक्क आणि मग माणिक झाले. नासिक्य, नासिक्क, नासिक ही साखळी माणिक्य, माणिक्क, माणिक या साखळीशी अक्षरशः जुळते. काम्पिल्य याचे कंपिल झाले, तेथेही ल्य, ल्ल, ल असाच प्रवास आहे.

मधला दुवा केवळ तर्काने घातलेला नाही. जैन आगमांतील नंदीसूत्रात पारिणामिकी, म्हणजे अनुभवाने परिपक्व होणाऱ्या, बुद्धीच्या दृष्टांतांची यादी देणारी गाथा आहे, तीत ‘णासिक्क सुंदरिनंदे’ असे शब्द आहेत. नासिक्क नगरातील नंद हा व्यापारी आपल्या सुंदरी नावाच्या पत्नीवर इतका आसक्त होता की त्याला सुंदरीनंद म्हणत, त्याची ही कथा. तेथे क दुहेरी आहे. लेण्यांतील ब्राह्मी लेखांत क एकेरी दिसतो, पण त्या लेखांत दुहेरी व्यंजने एकेरीच लिहिण्याची पद्धत असल्यामुळे ‘नासिक’ हे ‘नासिक्क’ असेही वाचता येते. शिवाय लेण्यांच्या प्राकृतात स्वरांमधला एकटा क अजून टिकून होता, म्हणून केवळ त्या लेखांच्या आधारावर हा मुद्दा सिद्ध होत नाही. तो सिद्ध होतो नंदीसूत्रातील रूपाच्या आणि आजच्या जिवंत उच्चाराच्या आधारावर. पतंजलीने ज्या ण्य प्रत्ययाची व्यवस्था लावली, त्याचा य दोन हजार वर्षांपूर्वीच ऐकू येईनासा झाला. तरी त्याने पाठीशी घातलेला क आपण रोज उच्चारतो.

नाक, नऊ शिखरे आणि चार अर्थ

येथून पुढे प्रश्न अर्थाचा. प्रथम नऊ शिखरांची उपपत्ती पाहू, कारण तिचा निकाल लवकर लागतो. जुनी गढी, चित्रघंटा, म्हसरूळ टेक अशा टेकांवर जुने गाव वसलेले आहे ही गोष्ट खरी आहे, आणि गाव नऊ टेकांवर वसले असे लोक सांगतात त्यालाही भूगोलाचा आधार आहे. परंतु ‘नवशिख’ या शब्दापासून नासिक होत नाही. ‘नव’ यातील अव याचा पुढे ओ होण्याकडे कल असतो : लवण याचे लोण झाले, नवनीत याचे लोणी झाले. दोन स्वरांमधल्या ख याचा ह होतो : मुख याचे मुह झाले. नवशिख या शब्दापासून ‘नोसिह’ यासारखे काहीतरी यावयास हवे होते. शिवाय उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या साक्षींतच ‘ना’ दीर्घ आहे आणि शेवटी क किंवा क्य आहे. तेव्हा ही व्युत्पत्ती टेकड्यांचे वर्णन म्हणून ठेवावी. नावाची उपपत्ती म्हणून ती स्वीकारता येत नाही.

शूर्पणखेची कथा वेगळ्या प्रकारची आहे. तिच्यात मूळ शब्द तरी योग्य आहे : नासिका. वाल्मीकिरामायणाच्या अरण्यकांडात लक्ष्मणाने तिचे ‘कर्णनासम्’ छेदल्याचे सांगितले आहे, म्हणजे कान आणि नाक दोन्ही. आणि हा प्रसंग पंचवटीत घडतो. पण त्या प्रसंगावरून तेथे एखाद्या नगराला नाव पडल्याचे कवी सांगत नाही. त्या परिसराचे त्याने दिलेले नाव जनस्थान आहे. हेच नाव कुसुमाग्रज प्रतिष्ठानने आपल्या साहित्यपुरस्कारासाठी निवडले, हे मराठी वाचकांना ठाऊक आहेच. कृतयुगात पद्मनगर, त्रेतायुगात त्रिकंटक, द्वापरयुगात जनस्थान आणि कलियुगात नासिक, असा एक श्लोक नाशिकमध्ये सर्वांना पाठ असतो. त्या श्लोकाचा क्रम पाहिला तर एक विसंगती दिसते. नासिक हे नाव रामाच्या युगातले नव्हे, कलियुगातले, असे तो श्लोक स्वतःच सांगतो. त्रेतायुगातल्या घटनेवरून पडलेले नाव त्रेतायुगात आणि द्वापरयुगात कोठे होते, हा प्रश्न श्रद्धेने श्लोक म्हणणाऱ्यालाही पडण्यासारखा आहे.

व्याकरण याबद्दल काय म्हणते? संकाशादि गण ज्या प्रकरणात येतो, त्याला चातुरर्थिक म्हणतात, कारण तेथे गावाचे किंवा प्रदेशाचे नाव तयार होण्याचे चार अर्थ पाणिनीने सांगितले आहेत. एखादी वस्तू त्या ठिकाणी आहे (४.२.६७), ते ठिकाण कोणी वसवले आहे (४.२.६८), ते कोणाचे निवासस्थान आहे (४.२.६९), किंवा ते कशाच्या जवळ आहे (४.२.७०). नासिक्य हे नाव या चारांपैकी कोणत्या अर्थी झाले, ते पतंजलीने सांगितलेले नाही. तरीही एवढे म्हणता येते की चारही अर्थ टिकाऊ संबंधांचे आहेत. एकदा घडून गेलेल्या प्रसंगाचा अर्थ त्यांत सरळ बसत नाही. त्याउलट नाकासारखा पुढे आलेला भूभाग गावात असणे किंवा गाव त्याच्या जवळ असणे, हे पहिल्या आणि चौथ्या अर्थात सहज बसते. रामकुंडापाशी गोदावरी वळून दक्षिणवाहिनी होते आणि वळणाच्या उजव्या काठावर जुन्या गढीचा उंचवटा पात्राच्या बाजूला पुढे आलेला आहे. नदीच्या बाजूने पाहणाऱ्याला त्यात नाकाचा आकार दिसला असेल, असे मला वाटते. हे माझे मत आहे; त्याला लेखी पुरावा नाही, आणि ते पुराव्याच्या तोडीचे आहे असा माझा दावाही नाही.

दावा न करण्याला खुद्द पाणिनीचाच आधार आहे. पहिल्या अध्यायात देशनामांविषयी तो म्हणतो, ‘तदशिष्यं संज्ञाप्रमाणत्वात्’ (१.२.५३) : अशा नावांचे लिंगवचन शिकवण्याची गरज नाही, कारण तेथे रूढ संज्ञाच प्रमाण आहे. आणि दोनच सूत्रांनंतर, ‘योगप्रमाणे च तदभावेऽदर्शनं स्यात्’ (१.२.५५) : नावाच्या अवयवांवरून निघणारा अर्थच प्रमाण मानला, तर तो संबंध संपताच नावही वापरातून गेले पाहिजे. पंचाल क्षत्रिय गेले तरी पंचाल देशाचे नाव राहिले, असे या सूत्राचे स्पष्टीकरण काशिकावृत्ती या पाणिनीवरील जुन्या टीकेत दिले आहे. मोगल अमदानीत नाशिकला गुलशनाबाद हे नाव देण्यात आले. ते कागदोपत्री चालले, पुढे मागे पडले आणि जुनेच नाव पुन्हा सर्वत्र रूढ झाले. हे परतलेले नाव कोणी नाकाचा अर्थ आठवून वापरात आणले नाही. ते त्या गावाचे नाव होते म्हणून परतले.

नासिक आणि नाशिक

आता पहिल्या वादाकडे. जुन्या कागदपत्रांत आणि जुन्या छापील मराठीत ‘नासिक’ हे लेखन सर्रास आढळते, हिंदीत आजही तेच चालते, आणि १८८३ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोळावा खंडही ‘नासिक’ याच नावाने निघाला. एवढ्यावरून ‘नासिक’ शुद्ध आणि ‘नाशिक’ हा अपभ्रंश, असे पुष्कळ सुशिक्षित लोक मानतात. मला ही समजूत साफ चुकीची वाटते, आणि चूक साधी आहे : ‘नासिक’ हा तत्सम शब्द नाही. नगराचे संस्कृत नाव नासिक्य आहे. त्यातला य गेल्याबरोबर शब्द तद्भव झाला, आणि तद्भव शब्दाला मराठीचे नियम लागू होतात.

तो नियम असा. महाराष्ट्री प्राकृतात संस्कृतातले श, ष, स एकत्र येऊन सगळ्यांचा स झाला. मराठीने पुढे त्या स याचे इ, ए आणि य यांच्या शेजारी श केले, तर इतर ठिकाणी स ठेवला. म्हणून सीमा या शब्दाची शीव झाली, सिंदूर याचा शेंदूर झाला, सीवन यावरून शिवणे आले. उलट शर्करा या शब्दाची साखर झाली, शून्य याचे सुने झाले, शुष्क याचे सुके झाले. साखर लिहिताना मुळात तेथे श होता, याची आठवण कोणालाही होत नाही. हा नियम आजही बोलण्यात जिवंत आहे : असा आणि अशी, म्हैस आणि म्हशी, मासा आणि माशाला, घसा आणि घशात. सिंह, सिद्ध, सीता असे तत्सम शब्द आणि सिनेमासारखे परके शब्द यांतून सुटतात, कारण ते नंतर पुस्तकांतून किंवा बाहेरून आले. नासिक हा शब्द पुस्तकातून आलेला नाही. तो या मातीतल्या लोकांच्या तोंडून पिढ्यानुपिढ्या आला, आणि सि याची शि झाली ती म्हशीतल्या शीइतकीच नियमाने झाली. हिंदीत हा नियम नाही, म्हणून हिंदीत नासिक योग्य आहे. मराठीत नाशिकच योग्य आहे.

हा शब्द मराठीने किती आपलासा केला आहे, ते विभक्तीच्या रूपांत दिसते. जुन्या पिढीच्या बोलण्यात ‘नाशकात’, ‘नाशकास’, ‘नाशकाहून’ ही रूपे सहज येतात. उपान्त्य इकार सामान्यरूपात गळून त्या जागी अ येणे, ही खास मराठी शब्दांची चाल आहे : खाटीक, खाटकाला, माणिक, माणके. याच हिशेबाने अकारान्त तद्भव शब्दाचा उपान्त्य इकार दीर्घ लिहिण्याचा नियम लावला, तर ‘नाशीक’ लिहावे लागेल. तसे कोणी लिहीत नाही, आणि विशेषनामाच्या रूढ लेखनाला हात लावण्याचे कारणही नाही. संज्ञा प्रमाण, हे तत्त्व येथेही पुरे आहे. मात्र ‘नाशिकमध्ये’ आणि ‘नाशिकला’ यांच्या सोयीपुढे ‘नाशकात’ आणि ‘नाशकाला’ ही रूपे अलीकडे छापील मजकुरातून वेगाने नाहीशी होत आहेत. वर्तमानपत्रांच्या संपादकांनी आणि शाळांतील मराठीच्या शिक्षकांनी ती गावंढळ समजून दुरुस्त करू नयेत. व्याकरणाने ती बिनचूक आहेत.